बोंबी जाग्यावरच होती

अमडापुरात कुणाचं पोट बिघडलं की तो दवाखान्याआधी आमच्या घरी येतो. माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, सरकलेली बेंबी बसवतात. इथल्या बोलीत बोंबी. उपाशीपोटी माणसाला सतरंजीवर उताणं झोपवायचं, बेंबीवर अंगठा दाबून ठोका शोधायचा, तो बाजूला लागला की तेलानं चोळत जाग्यावर आणायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. “आई, बेंबी काय पळून जाते का हो?” म्हणत बारा वर्षं मी त्यांना चिडवत आले.

दिवाळीनंतर उत्तमराव आले. सत्तरीचे, बिडीचे शौकीन. पाठ दुखते, पोटात धडधडतं, ही तक्रार. आईंनी एक अंगठा ठेवला, मग शेजारी दुसरा. प्रत्येक ठोक्याला दोन्ही अंगठे एकमेकांपासून दूर ढकलले जात होते. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

“बोंबी जाग्यावरच हाये. मी चोळत नाही.”

“काऊन? दोन हात मारून तर पाहा.”

“ठोका बोटाएवढा लागते. हा मुठीएवढा लागून राह्यला. चिखलीले जा, फोटो काढा.”

उत्तमराव रुसले. चांगुणाबाईचा हात गेला, असं गावभर सांगत सुटले. चाळीस वर्षांत आईंनी कुणाला परत पाठवलं नव्हतं. मलाही वाटलं, थकल्या आता. पण उत्तमरावांच्या बायकोनं, आशाबाईनं, दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला एसटीत बसवलं.

सोनोग्राफीत दिसलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, एरवी दोन सेंटिमीटरची, सहाच्या वर फुगली होती. कधीही फुटली असती, आणि फुटल्यावर माणूस सहसा हाती लागत नाही. आठवड्याभरात मोठ्या शहरात जांघेतून आत कापडी नळी बसवली. डॉक्टरांनी विचारलं, “हे आधी कुणी ओळखलं?” उत्तमरावांनी दोन अंगठे दाखवले. डॉक्टरांना वाटलं, गडी खूश आहे. त्यांनीही अंगठे दाखवले. खरं काय ते सांगताना आशाबाईला हसू आवरेना.

परवा उत्तमराव पेढे घेऊन आले. बिडी सुटलेली, आवाज खणखणीत. मला इतका आनंद झाला की गल्लीभर पेढे मीच वाटले. परत येऊन विचारलं, “आई, तुम्हाला कळलं कसं?”

“मले कुठं कळलं? नाही कळलं म्हणूनच हात उचलला.”

बारा वर्षं मी या बाईला विज्ञान शिकवत होते. वर्गात मात्र ‘मला माहीत नाही’ असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.