हंसाचं जाडं अस्वल

भेटायला येणारी माणसं हळूच विचारतात, शेवटी काय केलंत दोघांनी, काही बोलली का? मी सांगतो, मारामारी केली. मग समोरचा चहाचा कप खाली ठेवतो आणि मला टीव्हीकडे बोट दाखवावं लागतं. दुपारी जेवण झालं, मी भांडी घासून पालथी घातली, आणि आम्ही दोघं खाटेवर बसून व्हिडिओ गेम खेळलो, रोजच्यासारखा. हंसाचं जाडं अस्वल आणि माझी तलवारवाली मांजर. अधांतरी एक फळी, तिच्यावर दोघं, दुसऱ्याला ढकलून खाली पाडायचं, एवढाच खेळ. तिने मला कडेला नेलं, एक लाथ घातली, आणि मांजर पार पडद्याबाहेर गेल्यावर म्हणाली, "जा ने हवे!" म्हणजे, जा की आता. तिचं माहेर तलासरीचं. जिंकली की आणि चिडली की तिच्या तोंडी गुजराती यायची. मग म्हणाली, "जरा पडते हां." चहाच्या वेळी उठवायला गेलो तर... उठली नाही.

बायको म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळायची हे लोकांना थट्टेचं वाटतं. वाटू दे. पण तो खेळ आमच्या घरात कशासाठी आला ते ऐका.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि मसोलीतच राहून जन्मभर दुसऱ्यांच्या वाडीत चिकू काढले. मी झाडावर, हंसा खाली सावलीत फळं निवडायला. मोठं एकीकडे, मधलं एकीकडे, बारीक एकीकडे. बघायची सुद्धा नाही, तोंडाने बायकांशी गप्पा आणि हात आपला चालू. २०१४ च्या थंडीत लकव्याने तिचा तोच उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं, पाय थोडा ओढायचा, पण हात दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडून. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाल्या. थोडे दिवस दाबला, मग कुत्र्याला टाकला. म्हणाली, "त्याला तरी मजा येईल."

आमची एकच मुलगी, मंदा, वापीला दिलेली. ती आली, आईचं बघितलं, माझा कच्चा भात बघितला आणि म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल. बाबांना काही जमत नाही." खोटं नव्हतं. माझं वाडीचं काम, म्हणजे मी मागेच राहणार हे धरलेलं होतं. मला कुणी विचारलंही नाही. हंसा म्हणाली, "पुढच्या दिवाळीपर्यंत थांब. ह्या हाताने भाकरी थापून दाखवली तर मी इथून हलायची नाही. नाही जमलं तर नेशील तिथे येईन." म्हणजे आम्ही दोघं एका घरात राहणार की नाही, हे त्या मेलेल्या हातावर येऊन थांबलं होतं.

आणि गंमत बघा, खेळ आणला तो मंदानेच. जावयांच्या माळ्यावर जुना पडलेला. "निदान अंगठा तरी हलेल," म्हणाली. त्यात दोन खेळ होते. एक उड्यांचा, एकट्याने खेळायचा. पिवळ्या सदऱ्यातला एक बुटका धावतो, खड्डा आला की उडी, वाटेत कुणी आडवा आला तर त्याला झोडपून पुढे. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. पहिले काही दिवस बुटका खड्ड्यापर्यंत जायचा आणि सरळ आत. अंगठा हलेपर्यंत तो पडलेला असायचा. मी शेजारी बसून ओरडायचो, "अगं, मार ना उडी!" ती म्हणायची, "मी मारली हो. हाताला कळवलंय, अजून पोचायचंय."

त्या खेळाचा एक गुण मला मान्य आहे. तो फसवत नाही. पडलात तर का पडलात ते लगेच कळतं. उडी लवकर मारली किंवा उशिरा, तिसरं कारण नाही. हंसाला तेच आवडायचं. व्यायामाच्या बाई नुसतंच म्हणायच्या, सुधारणा आहे हां. हा बुटका बोलायचा नाही, पण काल ज्या खड्ड्यात पडला तो आज ओलांडायचा. एवढी खरी बातमी तिला दुसरं कुणी देत नव्हतं. पण दोषही आहेत. मी झाडावर चढणारा माणूस. फांदीवर भार टाकायच्या आधी ती पेलेल की नाही ते माझ्या तळव्याला कळतं. इथे अंगठ्याला काहीच कळत नाही. दगडावर उभा असो की ढगावर, बटण सारखंच लागतं. आणि चुकीला शिक्षा फार. एक पाऊल चुकलं की मैलभर मागे. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. एका ठिकाणी पाय टेकताच गायब होणाऱ्या फळ्या होत्या, तिथे ती पावसाळाभर अडकली. पार झाली त्या दिवशी पुढे काय आहे म्हणून मी सुद्धा चष्मा पुसून बसलो. पुढे तसेच खड्डे, तशाच फळ्या, नुसता रंग निळा. हंसा म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि लगेच पुढे पळाली.

माझी खरी तक्रार वेगळी होती. त्या खेळात दुसऱ्या माणसाला कामच नाही. मी नुसता बघ्या.

म्हणून आम्ही दुसरा खेळ लावला, मारामारीचा. तो कसा खेळायचा ते सांगणारं कुणी नव्हतं आणि लिहिलेलं सगळं इंग्रजी. खाली दोघांच्या नावाने एकेक आकडा. फटका बसला की ज्याला बसला त्याचा आकडा वाढायचा. आम्हाला वाटलं, हे मार्क. मग काय, दोघंही मार खायला पुढे! तिचं अस्वल माझ्या मांजरीसमोर येऊन उभं राहायचं आणि ती म्हणायची, "मारा ना, अहो, नीट मारा, माझे वाढू दे." मी म्हणायचो, "तू माझ्याआधी शंभर करणार? आधी मला मार." कितीतरी दिवस हे चाललं. एकच कोडं सुटेना. ज्याचे मार्क जास्त तोच भुर्रकन उडून बाहेर का पडतो? एकदा जावई आले, उभ्या उभ्या बघत राहिले आणि हसून हसून दाराला टेकले. म्हणाले, "मामा, ते मार्क नाहीत. ती मार खाल्ल्याची मोजणी आहे. जेवढा मार जास्त, तेवढा माणूस हलका. मग साध्या फटक्यानेही लांब उडतो."

जावई गेल्यावर मी म्हटलं, खेळ बनवणाऱ्याला अक्कल नाही. मार खाल्लेला माणूस जड होतो, जागचा हलत नाही. हंसा हातातलं बटण चोळत होती. म्हणाली, "काही नाही. बरोबर आहे त्याचं. मार खाल्लेल्याला कुणीही उचलून कुठेही नेतं. मंदा मला न्यायला निघालीच आहे ना?"

मी खेळ परत लावला.

तेव्हापासून तिने अस्वल सोडलं नाही. जाडं आहे, लवकर उडत नाही, म्हणायची. ह्या खेळाची खुबी तिला माझ्याआधी कळली होती. इथे खाली गेलात म्हणजे संपलात असं नाही. हवेतून परत उडी घेता येते, फळीची कड बोटांनी धरून लोंबकळता येतं, वर येता येतं. जाणकार खेळाडू लोंबकळणाऱ्यालाच हाणतात म्हणे. मीही हाणलं, तर तिने माझ्या मांडीवर खरी चापट मारली. "वर येऊ द्या की आधी. मग मारा." त्या चापटीने मला जास्त आनंद झाला, कारण ती उजव्या हाताची होती.

दोष ह्याही खेळात आहेत, आणि मी तिच्या तोंडावर सांगायचो. दोघं लांब गेले की चित्र इतकं बारीक होतं की म्हाताऱ्या डोळ्यांना आपण कोण ते सापडत नाही. कितीदा मी तिच्या अस्वलाला मीच समजून फळीवर उभा, आणि माझी मांजर केव्हाच खाली गेलेली. धूर, ठिणग्या, उजेड, काही विचारू नका. शिवाय भसाभस बटणं दाबणाराही जिंकतो. ती मन लावून शिकलेली, मी आंधळा दाबणारा, आणि तरी कधी कधी मीच वर. ती म्हणायची, "तुमचं जिंकणं म्हणजे माडावरून पडलेला नारळ, कुणाच्या डोक्यात बसेल त्याच्या." आणि हा खेळ कुठे पोचत नाही. बुटका निदान निळ्या खड्ड्यांपर्यंत गेला. अस्वल आणि मांजर जिथे सुरू करतात तिथेच दुसऱ्या दिवशी उभे. मी हे बोललो तर म्हणाली, "मग आपण तरी कुठे पोचतो? बसा गुपचूप."

दिवाळीला मंदा आली. मोकळी बॅग घेऊनच आली होती, मी बघितली. हंसाने तांदळाचं पीठ मळलं, गोळा डाव्या हातावर घेतला आणि उजव्याने थापायला लागली. मी चुलीपाशी उभा, मंदा दारात. भाकरी एका बाजूला जाड, कडेला दोन ठिकाणी फाटलेली, पण तव्यावर पडली आणि फुगली. मंदाने ती तिथेच उभ्याने खाल्ली, नुसती, कोरडी. मग म्हणाली, "आई, मीठ कमी आहे." बॅग मोकळी परत गेली. पुढे दर दिवाळीला मंदा विचारायची आणि हंसा परात पुढे ओढायची. आम्हाला चार वर्षं अशी मिळाली.

तेरावं झालं. पाहुणे गेले, मंदा तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. चेहऱ्यावरूनच कळलं, रात्रभर वाक्यं जुळवलेली आहेत. "बाबा, मी काय म्हणते, चिडू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या..."

मी म्हटलं, "ते राहू दे. तुमच्या टीव्हीच्या मागे लाल, पांढरं, पिवळं अशी तीन भोकं आहेत का?"

"काय?"

"जावयांना विचार. नव्या टीव्हींना नसतात म्हणतात."

तिने फोन लावला. तिकडे वापीला जावयांनी टीव्ही भिंतीपासून ओढला, ते सगळं ऐकू येत होतं. मंदा म्हणाली, "आहेत म्हणतायत." मग फोन तसाच हातात धरून रडायला लागली. भांडायची तयारी करून आली होती बिचारी, भांडण झालंच नाही.

"पण बाबा, तुमच्याबरोबर खेळणार कोण? मला काही येत नाही त्यातलं."

"आम्हाला तरी कुठे येत होतं," मी म्हटलं, आणि वायरी काढायला टीव्हीच्या मागे वाकलो.