निळं दार आणि आमच्या चपला

एका निळ्या दारापायी मी माझी सख्खी आई ग्रीसच्या बेटावर हरवून दाखवली आहे.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायचे. आमच्या सबडिव्हिजनमधली सगळी घरं एकाच रंगाची, तोही फिक्या वरणाचा. (वेगळा रंग द्यायचा तर असोसिएशनला अर्ज करा.) त्यामुळे बेटावरची पिवळी, गुलाबी घरं पाहून मी पिसाटलोच! दिसेल त्या खिडकीचा फोटो काढत सुटलो. "बाबा, दॅट्स समवन्स बाथरूम," असं लेक, ईरा म्हणेपर्यंत तोही काढून झाला होता.

सगळ्यात देखणं निळं दार नेमकं आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराचं. पण त्यापुढे आमच्या चपला-बुटांचा ढीग! सांगलीहून आलेल्या आईची शिस्तच तशी. देश कुठलाही असो, चपला उंबऱ्याबाहेर. आई पाव आणायला बेकरीत गेली होती. मी ढीग उचलला आणि दोन घरं सोडून, तशाच एका निळ्या दाराशी ठेवला. फोटो झाला की परत आणणार होतो. तेवढ्यात एक मांजर आलं, आणि मी कॅमेरा घेऊन त्याच्यामागे गेलो.

परतलो तर दारात बायको, मृणाल.

"आई कुठायत?"

"बेकरीत."

"बेकरी कधीच बंद झाली. आणि फोन त्यांचा इथे चार्जिंगला आहे."

आईचं इंग्रजी बेताचं, ग्रीकचा तर प्रश्नच नाही. मी अनवाणीच धावत सुटलो. (बूट कुठे ठेवले ते घाबरून आठवेना.) कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला आईचा फोटो दाखवावा म्हणून कॅमेरा उघडला. दारं, खिडक्या, कठडे, मांजर उजवीकडून, मांजर डावीकडून. आईचा फोटो एकही नाही. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि रडूही यायला लागलं.

मागून ईरा म्हणाली, "बाबा, आय स्मेल आल्याचा चहा."

वासाच्या मागे गेलो. निळं दार, बाहेर आमच्या चपला, आत ओट्याशी आई! टेबलापाशी एक ग्रीक आजीबाई चहात पाव बुडवून मजेत खात होत्या.

"कुठे उंडारत होतास, मिल्या?" आई म्हणाली. "ही शेजारीण बिचारी बसायला आलीय आणि घरात कोणी नाही. शेवटी पर्समधली पुडी काढून मीच चहा टाकला."

"आई, शेजारी आपण आहोत. हे घर त्यांचं आहे."

"चपला तर आपल्याच आहेत बाहेर. मी काय दारं बघत फिरू?"

मी फोटोचा सगळा प्रकार सांगितला. आईनं कपाळावर हात मारला, आजीबाईंना हात जोडले, आणि स्वयंपाकघरावर एकवार नजर फिरवली.

"तरीच," ती म्हणाली. "ओटा लखलखीत, भांडी जागच्या जागी. शिरल्याशिरल्याच ओळखायला हवं होतं, की मिल्या इथे राहत नसणार."