सहाव्या युगातले काका

काका उद्याचं कुठलंच काम नुसतं कबूल करत नसत. "उद्या तुमचा पंखा बघतो," म्हणायचे आणि लगेच पुस्ती जोडायचे, "प्रभू आज आला नाही तर." एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी लग्न होऊन भिवंडीच्या त्या चाळीत आले, तेव्हा मला वाटलं, काम टाळायची ही नामी युक्ती आहे. पण पंखा दुसऱ्या दिवशी फिरायला लागला.

नगरकडचे हे ख्रिस्ती गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे जॉबर. पण गल्लीत सगळे त्यांना युगवाले काका म्हणत. कारखान्यातल्या कोऱ्या कापडावर त्यांनी निळ्या रंगाने सात मोठी वर्तुळं काढली होती, जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंतची सात युगं. देव तोच, पण प्रत्येक युगात माणसाशी त्याचा कारभार निराळा. रविवारी दुपारी ते कापड भिंतीवर चढे, आणि घरी देव्हाऱ्यात गणपती असलेली मी भाजी निवडत त्यांच्या उंबऱ्यात बसे. एकदा बायबलातल्या पशुबळींबद्दल मी खोचकपणे विचारलं, तर त्यांचं बोट शांतपणे पाचव्या वर्तुळावर गेलं. "ते नियमशास्त्राचं युग. इस्राएल लोकांना सांगितलेलं. आपण सहाव्यात, कृपेच्या. वाचताना आधी बघायचं, हे कुणाला सांगितलंय. दुसऱ्याच्या पानात वाढलेलं आपण ओढून घ्यायचं नाही."

हे सहावं युग कधीही संपणार होतं. प्रभू ढगांत येणार आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे जिवंतपणीच वर उचलले जाणार. काकांना मरायचंच नव्हतं. त्यांचे सेठ, इथलेच जुने कोकणी मुसलमान, हसून म्हणायचे, "काका, जाने से पहले वो कोनेवाला लूम चालू करके जाव."

भिवंडीत लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात. दिवसभराची खटखट बंद पडते, कानात पोकळी उरते, हवेतला कापूस सावकाश खाली येत राहतो आणि दुपार तरंगल्यासारखी होते. अशा वेळी काका हातातलं टाकून दारात यायचे आणि आभाळाकडे बघत उभे राहायचे. आतून काकींचा आवाज यायचा, "लाइट गेलीय हो. प्रभू न्हाई." खोटं कशाला बोलू, त्यांच्यासोबत वर बघायची सवय मलाही लागली.

काकी घरी कांड्या भरायच्या. लूमच्या धोट्यासाठी सूत गुंडाळायचं काम. वर्षानुवर्षं कापूस छातीत गेला आणि दमा बळावला. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. कबरस्तानातली चाफ्याखालची जागा चर्चच्या पंचांना सांगून ठेवा. "दुष्काळात माझी आई गेली. तिला कुठं ठेवलं, आज कुणालाच ठाऊक न्हाई. माझं तसं नगं."

काका ऐकेनात. "कबरीची जागा मागायची म्हणजे प्रभू येत नाही असं म्हणायचं. ते माझ्या तोंडून होणार नाही." पंचांनी समजावलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. काकी रोज विचारायच्या, काका रोज विषय बदलायचे. मला त्यांचा भयंकर राग आला. शेवटी एक दिवस मी बोललेच, "काका, जगाची सात युगं भिंतीवर टांगलीत. त्यात काकींना चार हात जागा नाही?"

काका उठले. चपला घालून पंचांकडे गेले आणि परत येऊन काकींच्या उशाशी बसले. "चाफ्याखालची सांगितली," एवढंच म्हणाले. काकींनी त्यांचा हात धरला तो कितीतरी वेळ सोडला नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दफन झाल्यावर आम्ही परत येत होतो. काका म्हणाले, "तिच्या शेजारची जागाही सांगून ठेवलीय. माझ्यासाठी."

मी थबकलेच. "तुम्हाला तर जिवंत नेणार ना?"

"शास्त्रात क्रम दिलाय. मेलेले आधी उठतील, जिवंत त्यांच्या मागून. क्षणाचाच फरक असेल. पण ती उठेल आणि शेजारी कुणीच दिसणार नाही. भित्री आहे ती." मग म्हणाले, "मला जिवंत नेलं नाही तरी चालेल, असं प्रभूला सांगितलंय मी."

पुढल्या वर्षी काका गेले. चाफ्याखाली मूठभर माती टाकताना मी रडले. पण मनात एवढंच होतं, की आता काकी उठतील तेव्हा एकट्या नसतील.