दम्मामच्या शाळेतले खड्डे

विसरायचं ठरवलं तरी तो प्रकार डोक्यातून जात नाही. नोकरीतले किती तपास आता पुसट झाले. हा तर नोकरीतलाही नाही. याला गुन्हा नंबर नाही, फिर्यादी नाही, कोर्ट नाही. तरी रोज आठवतो, कारण लाज वाटते.

मी सातवी पास. रायगड जिल्ह्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. शेवटची बरीच वर्षं बॉम्बशोधक पथकात काढली. मंत्र्याची सभा असली की ती शाळा-कॉलेजच्या मैदानावर असायची. सभेआधी आम्ही मेटल डिटेक्टर घेऊन ते मैदान पट्ट्यापट्ट्याने पायाखाली घालायचो. बॉम्ब एकदाही मिळाला नाही. मिळायचे ते कंपासचे करकटक, केसांच्या पिना, छत्रीच्या काड्या, शर्टाचे बिल्ले. मशीन वाजलं की खड्डा कसा काढायचा याची आमची पद्धत होती. तीन बाजूंनी माती कापायची, झाकणासारखी उचलायची, वस्तू काढली की तशीच परत बसवायची. पोरं दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात खेळणार असतात.

निवृत्त झालो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात बायको गेली. गावच्या घरात भिंतींकडे बघत बसायचो. मुलगा इंजिनिअर, दम्मामला असतो. तो म्हणाला, "बाबा, इकडे या." गेलो. नात तिथल्या एका इंडियन शाळेत दुसरीत. तिला शाळेतून आणायचं काम मी मागून घेतलं. नात माझ्याशी हिंदीत बोलते, मी मराठीत. चालतं.

शाळेच्या गेटवर एक म्हातारा वॉचमन होता. दापोलीकडचा, मुसलमान. आपल्याकडची बोली ऐकली आणि मला बरं वाटलं. शाळा सुटायच्या आधी मी मुद्दाम लवकर जायचो. तो आतून बिनदुधाचा चहा आणायचा. "घ्या दादा, आज मासा काय केलान घरात?" "सूनबाईने फ्रोजन काहीतरी केलं." "अरारा! त्याला मासा म्हनतात? त्याला बर्फ म्हनतात." असं आमचं चालायचं. दिवसभरात मी मोकळं बोलायचो ते तेवढंच.

एक दिवस शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी घरी आले. उत्तरेकडचे गृहस्थ, बोलायला गोड. मुलगा कामावर होता. ते म्हणाले, "अंकल, आप तो पुलिस में थे. थोडी मदद चाहिए."

प्रकार असा होता. लहान मुलांच्या मैदानात सुट्टीनंतर खड्डे सापडत होते. शुक्रवार-शनिवार शाळा बंद, रविवारी बघावं तर कुठेतरी माती हललेली. एका पोराचा पाय मुरगळला तेव्हा पीटीच्या मास्तरांनी बोंब मारली. कॅमेरे गेट आणि इमारतीवर, मैदानाच्या त्या टोकाला नाहीत. कमिटीची भीती वेगळीच होती. परवानगीशिवाय जमीन उकरणं तिकडे खपवून घेत नाहीत, जुन्या वस्तूंचा कायदा कडक आहे, असं सगळे सांगतात. बाहेर कळलं तर शाळेला त्रास. पोलिसांत जायच्या आधी आपल्याआपल्यात माणूस हुडकावा, असं त्यांना वाटत होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. बायको गेल्यापासून कुणी मला कामाचं काही विचारलंच नव्हतं.

मैदान बघितलं. गवत नाही, दाबून बसवलेली रेताड जमीन. खड्डे पाण्याच्या नळाच्या आसपास. तीन बाजूंनी कापून परत बसवलेले, पण कच्च्या हाताने. मी म्हटलं, "यह मशीनवाले का काम है." कुंपणाच्या भिंतीवर पिना, एक मोडकी पट्टी, दोन-चार नाणी ओळीने ठेवलेली होती. म्हणजे सापडलेलं त्याने नेलं नव्हतं. चोर पैसे ठेवून जात नाही. हा एकच वस्तू शोधतोय, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. आणि त्या टोकाला मागचं फाटक आहे, त्याचं कुलूप फोडलेलं नव्हतं. चावी वॉचमनकडे.

घरी यातलं एक अक्षर बोललो नाही. तपास घरात न्यायचा नाही, ही माझी जन्माची सवय.

बुधवारी वॉचमनला त्याच्याच केबिनमध्ये घेतलं. सेक्रेटरी बाजूला बसले होते. मी आधी त्याची खुर्ची काढून बाहेर ठेवली. मोबाइल टेबलावर ठेवायला लावला. मग काही न बोलता नुसतं त्याच्याकडे बघत बसलो. ठाण्यात असंच करायचो. उभा माणूस आणि बसलेला माणूस, यातच अर्धा जबाब निघतो.

तो हसला. "काय दादा, आज चाय नको?"

मी म्हटलं, "दादा नाही. साहेब म्हणायचं."

त्याचं हसू गेलं. मला ते दिसलं, आणि मी पुढे गेलो.

"मागच्या फाटकाची चावी कुणाला दिलीस?"

"दिली."

"कुणाला?"

"ते इचारू नका साहेब."

"मला सगळं ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ठाऊक असतं तर तुमी असे बसला नसता."

त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला तो उद्धटपणा वाटला. आवाज चढवला. इकामा म्हणजे तिथला राहायचा परवाना कुणाच्या हातात आहे, कफीलला म्हणजे नोकरीच्या मालकाला कळलं तर काय होईल, या वयात खुरूजचा म्हणजे कायमचा जाण्याचा शिक्का मारून परत पाठवतील, सगळं ऐकवलं. तो माणूस माझ्याहून वयाने मोठा. भिंतीला हात टेकून उभा होता.

शेवटी म्हणाला, "पाटवा मला गावाला. पन मी एका बाईमानसाला शब्द दिलाय. तो नाय मोडनार."

बाईमाणूस म्हटल्यावर सेक्रेटरींनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, धागा मिळाला. मी सांगितलं, याला ड्यूटीवरून काढून खोलीवर बसवा, मोबाइल देऊ नका, साथीदाराला कळता कामा नये. शुक्रवारी सापळा लावू. सेक्रेटरी म्हणाले, "अंकल, मान गए." मी फुशारलो.

शुक्रवारी सकाळी मुलगा म्हणाला, साइटवर जातो. मी म्हटलं, मी फिरायला जातो. दोघेही खोटं बोलत होतो.

मी आणि सेक्रेटरी पहिलीच्या वर्गात खिडकीआड बसलो. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. जुम्म्याच्या नमाजाआधीची वेळ, रस्त्यावर गाडी नाही. मागचं फाटक उघडलं. टोपी घातलेला माणूस आत आला, पिशवीतून मशीन काढून जोडलं आणि नळाकडे चालू लागला.

चाल ओळखायला मला तोंड बघावं लागत नाही. डावा पाय किंचित बाहेर टाकतो. माझी चाल.

सेक्रेटरी पुटपुटले, "अंकल, यह तो..." मी म्हटलं, "हां. मेरा बेटा है."

बाहेर गेलो. तो गुडघ्यावर बसून माती कापत होता. मला बघून उठलाही नाही. "बाबा, तुम्ही?"

"काय शोधतोस?"

त्याने कापलेली माती उचलून बाजूला ठेवली.

"मी विचारतोय, काय शोधतोस!"

"ओरडू नका. आईची चुन्याची डबी."

ती पितळेची डबी मी गावी घरभर शोधली होती. तिचे दिवस झाले तेव्हा कनवटीची पिशवी उघडली, त्यात पान होतं, सुपारी होती, चुन्याची साधी प्लास्टिकची डबी होती, पितळेची नव्हती. कुणीतरी लांबवली असं धरून मी शेजारच्या बाईवरही संशय घेतला होता.

मुलाने सांगितलं ते असं. नात जन्मली तेव्हा बायको एकटी बाळंतपणाला दम्मामला आली होती. मी ड्यूटीवर, मला रजा नव्हती. बाळाची नाळ सुकून पडली. आमच्या बाजूला पोराची नाळ शाळेच्या आवारात पुरतात, पोर शिकतं म्हणून. आम्ही दोघं कमी शिकलेली. तिने ती नाळ आपल्या चुन्याच्या डबीत घातली आणि इथे येऊन पुरली. "कुठे" विचारल्यावर मुलाला एवढंच बोलली, शाळेत, नळाजवळ. आता सुट्टीत ही जमीन खणून काढणार, भराव टाकून वर हिरवं खोटं गवत घालणार. माती डंपरमधून जाणार. तिच्याबरोबर डबीही.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली होती, तुझ्या बापाला सांगू नको. तो पहिला पंचनामा करील."

सेक्रेटरींना मराठी येत नव्हतं, एवढंच बरं झालं.

"आणि वॉचमन?"

"त्यांनीच तेव्हा आईला फाटक उघडून दिलं होतं. नवरा पोलिसात आहे, कुणाला बोलू नका, असं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी फक्त चावी मागितली. कशाला ते सांगितलं नाही. नाळ शोधतोय म्हणून सांगायची लाज वाटली, बाबा. त्यांनी विचारलंही नाही. म्हणाले, तू त्या बाईंचा मुलगा ना, घे."

म्हणजे माझ्या मेलेल्या बायकोची गोष्ट तो माझ्यापासून राखत होता. स्वतःची रोटी पणाला लावून. आणि मी त्याला उभं करून ठेवलं होतं.

त्याला खोलीवरून आणायला मीच गेलो. वाटेत माफी मागायची होती, मी नुसता पुढे पुढे चालत राहिलो. मैदानात मुलाने त्याला सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

"नळाजवळ? अरे बाबा, कुठला नळ? हा नळ तर परवा-परवा बसवला. जुना नळ तिकडं होता, जिन्याच्या कोपऱ्याला. मला आदी सांगायचंस ना!"

मुलाला जागा ठाऊक होती, वॉचमनला जुना नळ ठाऊक होता. दोघं एकमेकांना रोज दिसत होते. एकाला लाज, दुसऱ्याला शब्द. आणि दोघांच्या मध्ये मी, तपास करत होतो.

मशीन मी हातात घेतलं. तिकडे समुद्र जवळ, जमीन खारी, मशीन उगाच वाजत राहतं. मुलगा त्या खोट्या आवाजांमागे धावला होता. आधी मशीनला त्या मातीची सवय करून द्यावी लागते. ती करून दिली आणि कोपऱ्यातून हळू हळू फिरवलं. एका जागी स्वच्छ वाजलं. माती मी हातानेच काढली. डबी हिरवी पडली होती. झाकणावर तिच्या अंगठ्याने झिजलेली जागा तशीच होती.

उघडली नाही. माझा हक्क नव्हता. मुलाच्या हातात दिली. ती आता सूनबाईच्या कपाटात आहे.

गोष्ट इथे संपली असती तर लाज निम्मी असती.

संध्याकाळी कमिटी बसली. मी उभा राहून सांगितलं, माणूस माझ्या घरातला आहे, वॉचमनचा दोष नाही, काय करायचं ते करा. सगळे एकमेकांकडे बघून हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, इंजिनिअर साहब निकले! माँ की निशानी थी. खलास, बात खत्म." चहा आला, बिस्किटं आली. माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन दिवसांपूर्वी याच गोष्टीसाठी एका म्हाताऱ्याला विमानात बसवायला निघाले होते, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होतो.

मी म्हटलं, "उसको बुलाओ. उससे माफी माँगो." सेक्रेटरी म्हणाले, "हाँ हाँ अंकल, बोल देंगे उसको." मग मीच गेटवर गेलो. हात जोडले. तो खुर्चीवरून उठला. मी म्हटलं, "बसा हो, उठू नका." तो म्हणाला, "नको साहेब. उबा बरा हाय."

सुट्टी लागायच्या आधी त्याने स्वतःच नोकरी सोडली. कुणी काढलं नव्हतं. कमिटीने थांबायला सांगितलं, मीही सांगितलं. तो म्हणाला, "पोरं गेटातून जाताना सलाम करायची. आता त्यांचे बाप खाली वर बगतात. कायतरी केलं असंल म्हनतात. नाय बसवत."

निर्दोष ठरला म्हणजे माणूस सुटला, असं मी जन्मभर समजत आलो. चौकशीला बोलावलं, काही निघालं नाही, सोडून दिलं. कागद पुरा. त्या माणसाचं गल्लीत काय होतं, दुकानदार त्याला उधार देतो का, शेजारी त्याच्या दाराशी थांबतात का, ते बघायला आम्ही कधी गेलोच नाही. आणि एक गोष्ट खात्यात मला कुणी सांगितली नव्हती. गुन्हा केलेला माणूस लपवतो, पण लाज वाटणारा माणूस त्याहून जास्त लपवतो. माझ्या घरातली माणसं माझ्यापासून लपवत होती, कारण मी विचारत नव्हतो, जबाब घेत होतो.

बायकोच्या वर्षश्राद्धाला गावी आलो. ते उरकलं आणि एसटीने दापोलीकडे गेलो. घर विचारत विचारत गेलो. तो पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मला बघून हातातलं काम थांबवलं नाही.

"काय साहेब, चौकशीला आलाव?"

"नाही. बसायला आलो."

त्याने जाळ्याची हातातली गाठ पुरी केली. मग पायाने बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला.

"मग बसा," म्हणाला.