माणसांचं वजन

नव्या रबराचा वास आला की मला गेवराईचं ते टायरचं दुकान आठवतं. आमची टोळी ऊसतोडीला निघालती. पिकअपचे टायर पार गुळगुळीत झालते म्हणून वाटेत थांबलो. सामान हौद्यातच होतं, बाया-लेकरं उतरून लिंबाखाली बसली. उसाच्या फडातल्या चिखलात गाडी रुतू नये म्हणून मला मोठे टायर पाहिजे होते. टायरवाल्यानं ते चढवले अन् विचारलं, "काका, माल किती?" मी बाजरीची पोती, भांडी, शेळ्या सांगितल्या. "मग पेलतील." तेवढ्यात माझी बायको चाकापुढं येऊन उभी राह्यली. "आन वर बसायची माणसं कुणी धरली?" टोळीचा मुकादम कावला. "वहिनी, माणसं काय माल हाय का? चला बे, उशीर व्हतोय." ती चाकापुढून हलंना. "चढा गं समद्या," म्हणाली. सगळी पोत्यांवर चढली, लेकरं मांडीवर. गाडी खाली बसली. "आता घ्या पुढं, हळू," म्हणून ती बाजूला झाली. मी गाडी जराशी पुढं घेतली अन् मागचा टायर चाकावरच्या पत्र्याला खर्रकन घासला. टायरची बाजू फुगून आलती. टायरवाल्यानं टायरवरचा वजनाचा आकडा वाकून वाचला अन् जॅक लावला. मग जुन्याच मापाचे, पण जास्त वजन पेलणारे टायर बसवले. बायको जाऊन अजून वरीस झालं न्हाई. काल टायर बदलायला त्याच दुकानात गेलतो. त्यानं विचारलं, "काका, माल किती?" मी म्हणलो, "आदी माणसं धर." अन् मागं वळून पाह्यलं. हौद्यात कुणीच न्हवतं.