बोटाला लागलेली गाठ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तोही डॉक्टरकीला. परळच्या इस्पितळातून लालबागच्या चाळीत परतलो की सापडेल त्याच्या छातीला नळी लावायची, हा माझा सराव. थोरल्या वहिनीला धाप लागायची, मधेच घेरी यायची. घरातल्या पुरुषांसमोर ती कधी आडवी होत नसे. त्यामुळे आईला शेजारी बसवून, पदरावरूनच, तिची छाती मी ती बसलेली असताना ऐकली. ठोक्यामागून घरघर ऐकू आली.

इस्पितळात तिला टेबलावर निजवून तपासलं. रजिस्ट्रार डॉक्टर हसले. "काही नाही रे. घरच्या माणसांवर शिकलं की असंच ऐकू येतं." मलाही वाटलं, माझेच कान चुकले असतील. पुढच्या खेपेला आमच्या सर्जन सरांनी तिला उठून बसायला लावलं आणि घरघर परत आली. निजली की जाते, बसली की येते, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. पण हृदयाची झडप अरुंद झालेले रोगी आमच्याकडे रोजचेच. निदान तेच ठरलं. छाती उघडायची, चालत्या हृदयात बोट घालून झडप रुंद करायची.

ऑपरेशनच्या वेळी मला कोपऱ्यात उभं राहू दिलं होतं. सरांचं बोट आत गेलं आणि थांबलं.

"झडप चांगली आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "इथे काहीतरी लोंबतंय. बुळबुळीत. गाठ आहे."

हृदयातही गाठ होते, हे मी पुस्तकात कुठेतरी ओझरतं वाचलं होतं. वहिनी बसली की ती गाठ झडपेत उतरून रक्ताची वाट अडवत होती. ती काढायची तर हृदय थांबवायला हवं, आणि तेवढा वेळ माणूस जगवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सरांनी बोट हळूच बाहेर घेतलं आणि टाके घातले.

बाहेर दादा उभा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून तसाच आलेला, घसा बसलेला.

"झालं?"

"आत गाठ आहे, दादा. हृदयातच."

"काढली ना?"

"नाही."

"का? हात पोचला नाही?"

"पोचला. सरांच्या बोटाला लागली."

"मग?"

मी यंत्राचं सांगू लागलो. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

"हाताला लागली, आणि सोडून दिली?"

मी हो म्हणालो. तो बाकावर बसला. वहिनीला पुढची दिवाळी दिसली नाही.