बचनागाची भाजी

होटगीला आमचं पत्र्याचं घर. बाप रेल्वे यार्डात हमाल, आई लोकांच्या रानात ज्वारी काढायची. माझ्या कॉलेजपायी आईनं दोन वर्षं चप्पल घेतली नाही. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. हे मी छाती काढून सांगतो, फक्त तो एक दिवस सोडून.

फौजेत सिग्नलमन झालो. पूर्वेकडच्या डोंगरात आमची अकरा जणांची पोस्ट. सगळे मला प्रोफेसर म्हणत. दोन महिने डबाबंद जेवण चाललं होतं. बर्फ वितळला, पाला फुटला. लंगर, म्हणजे पोस्टचं स्वयंपाकघर, सांभाळणारा नाईक पोपट बार्शीचा. ११३० ला तो ओंजळभर कोवळा पाला घेऊन माझ्या रेडिओ सेटपाशी आला.

"प्रोफेसर, हे खात्यात का? गावाकडं शेळीनं खाल्लं की आमी खातो. हितं शेळी कुटंय?"

फूल नव्हतं. उठून मुळी बघायला हवी होती. मी बसल्या जागी बोललो, "खा की. कोथिंबिरीच्या जातीचं हाय."

"तुजं ताट झाकून ठिवतो. शेंगाचटणी हाय थोडी."

बाकीचे गस्तीवर होते. १२१० ला पोपटनं त्या पाल्याची भाजी चवीला म्हणून वाटीभर खाल्ली. १२३० ला हाक आली, "ओठाला मुंग्या आल्यात रं." मग उलट्या. नाडी धावायची, अडखळायची, पुन्हा धावायची.

मी पळत जाऊन झाड उपटलं. काळी, गाठीची मुळी. कॉलेजच्या बरणीत हीच बघितली होती.

मी बटालियनला कळवलं, सेटवर डॉक्टर आले. "कुठला पाला? ओव्हर."

"बचनाग, सर. ओव्हर."

"थेट हृदय धरतो. उतारा नाही. ढगांमुळे हेलिकॉप्टर अडकलंय. नाडी गेली तर छाती दाबत राहा. ओव्हर."

पोपटनं माझी बाही धरली. "तू न्हाय ना खाल्लं?"

"न्हाय."

"बरं झालं."

१३०५ ला नाडी गेली. गस्त परतली, आळीपाळीनं छाती दाबली. १४२० ला डॉक्टर म्हणाले, "थांबा." मी थांबलो नाही. हवालदारसाहेबांनी माझे हात धरले. लंगरात माझं ताट झाकलेलंच होतं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा भोगली. मग ते झाड मुळीसकट वाळवून कागदावर चिकटवलं आणि खाली लिहिलं: बचनाग. हृदय बंद पाडतो. मृत्यू, नाईक पोपट. चुकीची ओळख, आणि पुढे माझं नाव.

त्या कागदाच्या प्रती आमच्या बटालियनच्या प्रत्येक लंगरात लागल्या. मी निवृत्त होईपर्यंत त्या पाल्यानं दुसरा जवान गेला नाही.